पोटावरच्या व्रणाची चौकशी

माझ्या पोटाच्या उजव्या बाजूला, बेंबीच्या थोडे खाली, चार बोटे लांबीचा एक व्रण आहे. लग्नानंतरच्या सहा वर्षांत मी पाच वेगवेगळ्या डॉक्टरांच्या तपासणीच्या टेबलावर झोपले. पाचही जणांनी तो व्रण पाहिला, "अपेंडिक्स का?" असे विचारले, मी मान हलवली आणि तपासणी पुढे सरकली. अपेंडिक्स फुटले होते का, दुखणे किती दिवस अंगावर काढले होते, पोटात पू झाला होता का, हे त्यांच्यापैकी एकानेही विचारले नाही, आणि ही माहिती आपण होऊन सांगायची असते हे मलाही ठाऊक नव्हते. मूल होत नाही म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या चढणाऱ्या बायकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे वाचावे, एवढ्यासाठी मी आज ते लिहिते आहे.

ही गोष्ट २००७ च्या नोव्हेंबरमधील आहे. आमचे गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या बाजूला. कापसाची वेचणी ऐन भरात होती आणि घरातली सगळी माणसे दिवस उगवायच्या आत शेतात जात होती. मी अकरावीत होते. "पोट दुखी ऱ्हायनं," असे मी आईला सांगितले तेव्हा तिने ओवा चावायला दिला आणि रात्री बेंबीवर हिंगाचा लेप लावला. दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि त्याने थोडा उतार पडला. तिसऱ्या रात्री दुखणे एकाएकी जवळजवळ थांबले आणि सर्वांना हायसे वाटले. अपेंडिक्स फुटले की आतला ताण सुटतो आणि काही तास असे बरे वाटू शकते, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळले. चौथ्या दिवशी सकाळी माझे पोट लाकडी फळीसारखे कडक झाले होते आणि अंगात फणफणून ताप होता. कापूस भरायला आलेल्या गाडीतून मला आधी तालुक्याला आणि तिथून धुळ्याला नेले. शस्त्रक्रिया झाली, पोट धुऊन काढले, पू वाहून जाण्यासाठी कुशीतून एक नळी बाहेर काढून ठेवली आणि अकरा दिवसांनी मी घरी आले. पोरगी वाचली, या आनंदात आईने कुलदैवताला नारळ वाढवला.

बाहेरची जखम भरली, टाके निघाले आणि विषय संपला असे आम्हाला वाटले. आत मात्र वेगळे काम चालू होते. आपल्या पोटाच्या पोकळीला आणि आतल्या सगळ्या अवयवांना एक अतिशय पातळ, गुळगुळीत, ओलसर अस्तर असते. या अस्तरामुळेच आतडी, गर्भाशय, अंडाशय एकमेकांवरून अलगद सरकत राहतात. पू, रक्त, शस्त्रक्रियेतली ओढाताण किंवा जंतुसंसर्ग यांमुळे ते अस्तर खरचटले की काही तासांतच त्या जागी फायब्रिन नावाचा चिकट थर जमतो. रक्त गोठवणारा तोच पदार्थ. शरीर निरोगी असेल तर हा थर काही दिवसांत विरघळवून टाकते आणि आठवडाभरात नवे अस्तर तयार होते. सूज आणि पू जास्त असेल तर तो विरघळायचा राहून जातो. मग त्यात धागे तयार करणाऱ्या पेशी शिरतात, बारीक रक्तवाहिन्या येतात, आणि दोन शेजारी अवयवांमध्ये एक कायमचा पूल बांधला जातो. डॉक्टर यांना ॲढिजन्स म्हणतात आणि दवाखान्यातल्या बायका "आतून चिकटलंय" म्हणतात. मला हा बायकांचा शब्द अधिक नेमका वाटतो.

या चिकटण्याचा सर्वांत मोठा फटका गर्भनलिकेला बसतो, कारण ती अतिशय नाजूक असते. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना निघणारी ही नळी साधारण दहा ते बारा सेंटिमीटर लांब असते आणि गर्भाशयाच्या भिंतीतून जाताना तिचे आतले छिद्र एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही बारीक असते. दुसऱ्या टोकाला ती फुलासारखी उघडते आणि तिथे पदराच्या गोंड्यांसारखी झालर असते. अंडाशयातून स्त्रीबीज सुटते तेव्हा ही झालर अंडाशयावर फिरून ते टिपून घेते. तिथे नळी अंडाशयाला जोडलेली नसते, हे मला फार उशिरा कळले आणि कळल्यावर मी थक्क झाले. मधली जागा मोकळी असते आणि ती जागा झालरीने स्वतः हलून पार करायची असते. पुढे नळीच्या आतील सूक्ष्म केसांच्या लाटांवर स्त्रीबीज सरकते, नळीच्या रुंद भागात शुक्रजंतूशी त्याची गाठ पडते, आणि तयार झालेला गर्भ तीन ते पाच दिवसांत गर्भाशयात पोचतो. म्हणजे नळी नुसती "उघडी" असून भागत नाही. ती हलती हवी, तिची झालर सुटी हवी आणि तिच्या आतले केस शाबूत हवेत.

या सगळ्याचा मासिक पाळीशी काही संबंध नसतो. माझी पाळी घड्याळासारखी नियमित होती आणि सासरी-माहेरी सर्वांनी त्यालाच तब्येत चांगली असल्याचा पुरावा मानले. पाळी अंडाशयाच्या आणि मेंदूतल्या संप्रेरकांवर चालते, नळ्या पूर्ण बंद असल्या तरी ती वेळेवर येते. साध्या सोनोग्राफीतही निरोगी नळी दिसत नाही आणि चिकटलेल्या जागा तर बहुधा दिसतच नाहीत.

माझे लग्न २०१५ मध्ये झाले आणि मी शिरपूरला आले. पहिली दोन वर्षे कोणी काही बोलले नाही. नंतर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की गौराईची गाणी आणि झोके चालू असतानाच एखादी काकू हळूच बाजूला घेऊन विचारायची. एका डोहाळजेवणाला मला आवर्जून बोलावले गेले, पण ओटी भरायची वेळ आली तेव्हा ताट माझ्यासमोरून पुढच्या बाईकडे गेले. ताट धरणाऱ्या बाईच्या मनात दुष्टावा नव्हता, तिला तसेच शिकवलेले होते. ज्या ओटीपोटात हा सगळा गुंता झाला होता त्याच्याच नावाचा तो विधी, आणि त्याच कारणाने मी त्याच्या बाहेर, हे मला त्या वेळी सुचलेही नव्हते. मी फक्त हातातला तांदूळ परत वाटीत टाकला.

आम्ही २०१७ मध्ये तपासण्या सुरू केल्या. माझ्या यजमानांनी कुणाच्या सांगण्याची वाट न पाहता स्वतःची वीर्यतपासणी सर्वांत आधी करून घेतली, आणि ती ठीक आली. ही तपासणी साधी, स्वस्त आणि वेदनारहित असूनही बहुतेक घरांत बाईच्या सगळ्या चाचण्या संपल्यावर होते, याचा मला मनापासून राग येतो. त्यानंतर माझी एचएसजी झाली. पाळी थांबल्यानंतरच्या दिवसांत, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, गर्भाशयाच्या मुखातून एक्स-रेत दिसणारा द्रव आत सोडून त्याचे एक्स-रे काढतात, ती ही तपासणी. गार टेबल, वर लटकणारे यंत्र, आणि पाळीच्या सर्वांत वाईट कळेच्या दुप्पट अशी कळ, पण ती दोन-तीन मिनिटांत ओसरली. तासभर आधी वेदनाशामक गोळी घेतली तर त्रास कमी होतो, हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. पडद्यावर मी स्वतः पाहिले. आधी गर्भाशयाचा पांढरा त्रिकोण उमटला, मग दोन्ही बाजूंना दोऱ्यासारख्या रेषा निघाल्या. डावा दोरा टोकाशी पोचून धुरासारखा पसरला. उजवा मात्र टोकाशी फुगला आणि तिथेच थांबला, जणू वाळत घातलेल्या पायमोज्याच्या बोटात पाणी साठले होते.

अहवालात लिहिले होते की डावी नळी खुली आहे, उजवी टोकाशी बंद व फुगलेली आहे. "एक नळी पुरते," असे मला सांगण्यात आले, आणि ते तत्त्वतः खरेही आहे. पुढे साडेतीन वर्षे स्त्रीबीज वाढवण्याच्या गोळ्या, इंजेक्शने, चार वेळा आययूआय (म्हणजे वीर्य बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडणे), मध्ये करोनाचे वर्ष, असे सर्व काही त्या एका वाक्याच्या भरवशावर चालले. एचएसजीला नळीचे आतले छिद्र दिसते, बाहेरून तिला कशाने जखडले आहे ते सहसा दिसत नाही. उलटही घडते. नळीच्या तोंडाशी स्नायू आकडला तर मोकळी नळीही बंद असल्यासारखी दिसू शकते. म्हणून एचएसजीचा अहवाल हातात घेऊन घाबरूही नये आणि निर्धास्तही होऊ नये, विशेषतः पोटावर जुना व्रण असेल तर.

शेवटी २०२१ च्या दिवाळीनंतर आम्ही नाशिकला गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी व्रणावर बोट ठेवले आणि विचारले, "हे फुटलं होतं का? त्या वेळचा काही कागद आहे?" मी तिथूनच भावाला फोन लावला. आईच्या पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, चौदा वर्षांपूर्वीचे डिस्चार्ज कार्ड घडी करून ठेवलेले होते. भावाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. फुटलेले अपेंडिक्स, ओटीपोटात पुवाचा गोळा, ड्रेन ठेवला, हे सर्व इंग्रजीत स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते. घरात ते कोणालाच वाचता आले नव्हते, आणि मला वाचता येऊ लागले तेव्हा मी पेटी उघडली नाही.

जानेवारी २०२२ मध्ये माझी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. पूर्ण भूल देऊन बेंबीतून कॅमेरा आत घालतात, पोट वायूने फुगवतात आणि खालून निळा द्रव सोडून तो नळ्यांच्या टोकातून बाहेर पडतो का ते प्रत्यक्ष पाहतात. त्याचे चित्रण मला नंतर दाखवले. आमच्याकडे वेलावर वाळलेले गिलके फोडले की आत जशी पांढरी जाळी निघते, तशी जाळी उजव्या बाजूला आतडे, नळी आणि ओटीपोटाची भिंत यांच्यात भरलेली होती, आणि तिच्यात ती फुगलेली नळी अडकून पडली होती. डाव्या बाजूला कांद्याच्या पापुद्र्यासारखे पारदर्शक पडदे होते. डावे अंडाशय त्या पडद्यांमागे झाकलेले होते आणि नळीची झालर पडद्याच्या अलीकडे राहिली होती. निळा द्रव डाव्या नळीतून खरोखर बाहेर येत होता, म्हणजे २०१७ चा अहवाल खोटा नव्हता. फक्त चार वर्षे दर महिन्याला स्त्रीबीज पडद्याच्या एका बाजूला आणि झालर दुसऱ्या बाजूला राहिली होती.

डावीकडचे पडदे कात्रीने कापून काढले आणि उजवी नळी पूर्ण काढून टाकली. नळी काढायची म्हटल्यावर मी आधी रडले होते. बाईंनी कारण समजावून सांगितले. टोक बंद होऊन पाण्याने फुगलेल्या नळीतला द्रव मागे गर्भाशयात झिरपतो आणि गर्भाला रुजू देत नाही, अशा नळीसह टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार केला तर यश जवळजवळ निम्म्यावर येते, म्हणून ती आधी काढतात किंवा तिचे गर्भाशयाकडचे तोंड बंद करतात.

फुटलेल्या अपेंडिक्सचे नाव मी घेतले म्हणून प्रत्येक आईने धास्तावू नये. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मूल न झालेल्या स्त्रियांमध्ये अपेंडिक्स फुटलेल्यांना नळीच्या वंध्यत्वाचा धोका सुमारे ४.८ पट आढळला, पण न फुटता काढलेल्यांना वाढीव धोका आढळला नाही. स्वीडनमध्ये १९९९ च्या एका मोठ्या पाहणीत तर लहानपणी अपेंडिक्स फुटलेल्या मुलींच्या पुढील अपत्यांवर दीर्घकालीन दुष्परिणाम दिसला नाही. म्हणजे पू किती पसरला, कुठे साठला आणि किती दिवस राहिला, यावर पुष्कळ अवलंबून असते.

नळ्या खराब होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण गर्भाशयमुखातून वर चढणारा जंतुसंसर्ग हे आहे. क्लॅमिडिया आणि गनोरिया हे जंतू त्यात प्रमुख, आणि क्लॅमिडियाचे वैशिष्ट्य असे की अनेकदा बाईला काहीही जाणवत नाही. स्वीडनमधील लुंड येथील दीर्घ अभ्यासात असा संसर्ग एकदा झालेल्या सुमारे ८ टक्के, दोनदा झालेल्या २० टक्के आणि तीनदा किंवा अधिक वेळा झालेल्या ४० टक्के स्त्रियांना नळीमुळे वंध्यत्व आले. गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतरचा संसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे), अंडाशयाच्या किंवा गर्भाशयाच्या गाठीची शस्त्रक्रिया, ही बाकीची कारणे. आपल्या देशात त्यात क्षयरोगाची भर पडते. फुफ्फुसातले जंतू रक्तातून ओटीपोटात पोचतात आणि जननेंद्रियांच्या क्षयात जवळपास प्रत्येक रुग्णेच्या नळ्या बाधित होतात. बऱ्याचदा खोकला नसतो, तापही नसतो, आणि कित्येकदा मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच तो सापडतो. सहा महिन्यांच्या औषधांनी क्षय बरा होतो, पण जखडलेली नळी त्याने मोकळी होत नाही.

मी वर "अंगावर काढणे" हा शब्द वापरला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेली पाहणी १९८९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आली होती. तपासलेल्या साडेसहाशेच्या आसपास स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी कधीतरी तपासणी करून घेतलेल्या फक्त ८ टक्के होत्या. गडचिरोली आमच्यापासून दूर आहे, पण अंगावरून पांढरे जाणे आणि कंबर दुखणे हा बाईच्या जन्माचाच भाग आहे, असे मी शिरपूरच्या ओट्यांवरही ऐकत आले आहे. ओटीपोटात दुखणे, ताप, घाण वासाचे जाणे, संबंधाच्या वेळी आत दुखणे, ही लक्षणे एकत्र दिसली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायला हवे आणि औषधांचा कोर्स पुरा करायला हवा. नवऱ्यानेही सोबत औषध घेतले पाहिजे, नाहीतर तोच संसर्ग फिरून येतो.

चिकटलेल्या जागा सोडवल्याने किती फायदा होतो, हा प्रश्न मी तीन वेळा विचारला. कॅनडातील १९९० च्या एका अभ्यासात नळी व अंडाशयाभोवतीचे पडदे सोडवलेल्या स्त्रियांपैकी दोन वर्षांत ४५ टक्के गरोदर राहिल्या, आणि न सोडवलेल्यांपैकी १६ टक्के. हे आकडे पातळ पडद्यांना अधिक लागू पडतात. आतले केसच नष्ट झालेली नळी बाहेरून कितीही मोकळी केली तरी काम करत नाही, आणि सोडवलेल्या जागा पुन्हा चिकटूही शकतात. शिवाय खराब झालेल्या नळीत गर्भ मध्येच अडकून तिथेच वाढू लागण्याचा धोका कायम राहतो, म्हणून दिवस गेल्याचे कळताच लवकर सोनोग्राफी करावी लागते. पाळी चुकून एका बाजूला जोराची कळ आली किंवा चक्कर आली तर ती रात्र घरी काढू नये.

माझ्या बाबतीत दोन वर्षे उलटून गेली आणि दिवस राहिले नाहीत. आता आम्ही टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराकडे वळलो आहोत. हा उपचार मुळात माझ्यासारख्या बायकांसाठीच शोधला गेला, हे समजल्यावर मला धीर आला. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मलेल्या लुईझ ब्राउनच्या आईच्या नळ्या बंद होत्या. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून जन्मलेल्या मुलीच्या आईच्याही नळ्या खराब होत्या. त्या डॉक्टरांवर त्यांच्या हयातीत कोणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आपले आयुष्य संपवले, हे वाचून मी एक दिवस काहीही करू शकले नव्हते. मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी पुढचे यश आले.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो मागवला त्या दिवसापासून आईच्या मनात काहीतरी घोळत होते. गेल्या आखाजीला मांडे करण्यासाठी पुरण वाटता वाटता ती थांबली आणि म्हणाली, "म्हंजे मन्हंच चुकनं का व?" मी तिच्या हातातला वरवंटा काढून घेतला. चार दिवस उशीर झाला हे मी नाकारले नाही, कारण खोटे सांगितलेले तिला कळते. मी तिला सांगितले की इंजेक्शनने दुखणे झाकले गेले होते, तिसऱ्या रात्री बरे वाटले होते, आणि घरी सोडताना कोणीतरी एका वाक्यात बजावले असते की ही गोष्ट लग्नानंतर डॉक्टरांना सांगा, तर निदान पुढची सहा वर्षे वाचली असती. ती बराच वेळ गप्प होती. मग उठून तिने पेटी उघडली आणि मूळ कार्ड काढून माझ्या हातात दिले. घडीवर ते फाटायला आले आहे.

माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाला दीड वर्ष झाले आहे. मागच्या पावसाळ्यात तिचा गर्भपात झाला, नंतर आठवडाभर ताप आणि अंगावरून जाणे चालू होते, आणि तिने ते कोणाला सांगितले नाही. मला तिने ते गेल्या आठवड्यात फोनवर सांगितले. एक वर्ष प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर तपासणी करावी असा सर्वसाधारण नियम आहे, वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी. तिच्या बाबतीत तो ताप पाहता आणखी वाट पाहण्यात काही अर्थ नाही असे मला वाटले. मी एका कोऱ्या कागदावर तिच्याकडून सगळे तारखांसह लिहून घेतले आहे: गर्भपात कधी, ताप किती दिवस, कोणती औषधे, लहानपणी घरात कोणाला क्षय होता का. जावईबापूंची तपासणी परवा झाली. मंगळवारी तिच्या पाळीचा आठवा दिवस आहे. मी शाळेत रजेचा अर्ज दिला आहे, ती अमळनेरहून सकाळच्या एसटीने धुळ्याला येईल आणि मी तिला स्टँडवर भेटेन. वेदनाशामक गोळी माझ्या पर्समध्ये आहे.